शेपटाची कमान

माझ्या लग्नाचा मांडव माझ्या धाकट्या भावाने कॉम्प्युटरवर काढला, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं मी लग्नपत्रिकेबद्दल बोलतेय. पत्रिका छापखान्यातच छापली होती आणि तिच्यात नवऱ्याच्या काकांचं नाव चुकलं होतं. मी बोलतेय ते मांडवाबद्दल. खाली पाट मांडून हळद लावून घेता येईल असा खराखुरा मांडव, १९९८ सालच्या मे महिन्यात, ठाणे पूर्वेच्या कोपरीत, आमच्या कोळीवाड्यातल्या जाळी विणायच्या पटांगणात.

पंढरी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होता. मी रतन, त्याच्यापेक्षा मोठी, डी.एड. होऊन कळव्याच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळणारी. पोरांना गप्प करून करून माझा आवाज चढला तो चढलेलाच राहिला, आणि ‘जरा हळू बोल’ असं कुणी म्हटलं की तो आणखी चढतो. पंढरी माझ्या अगदी उलटा. त्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडेपर्यंत आपली भाकरी थापून होते.

त्यांच्या कॉलेजात शेवटचं काम म्हणून काहीतरी खऱ्या मापाचं बांधून दाखवायचं होतं. कुणी बसस्टॉप घेतला, कुणी वाचनालयाची कपाटं. पंढरीने ‘बहिणीच्या लग्नाचा मांडव’ असं लिहून दिलं आणि मग घरी येऊन बहिणीला विचारलं. मी चार गोष्टी सुनावल्या आणि हो म्हणाले, कारण लाल-पांढऱ्या कापडाखाली, पाठीमागे थर्माकोलचे दोन हंस घेऊन बसायची मला भारी धास्ती होती.

त्याची कल्पना अशी होती. आमच्या खाडीत डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड मोठं आणि मागे शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं. मांडव तसाच करायचा. प्लायवुडच्या कमानी एकामागे एक उभ्या, प्रत्येक मागची कमान पुढचीपेक्षा थोडी लहान. पाहुणे मोठ्या तोंडातून आत येणार आणि शेपटाच्या, सगळ्यात लहान कमानीखाली नवरीचा पाट.

“म्हणजे पाहुणे मासळी? आणि मी?” मी विचारलं.

“तू शेपटात अडकलेली,” पंढरी म्हणाला. इतक्या पटकन तो क्वचितच बोलतो.

खरी गंमत त्या कमानी काढण्यात होती. एकही दुसरीसारखी नाही. हाताने काढत बसला असता तर माझं पहिलं बाळ शाळेत गेलं असतं. म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला फक्त आकडे द्यायचे: तोंड किती रुंद, शेपूट किती रुंद, कमानी किती, प्लाय किती जाड. बाकी सगळं कॉम्प्युटर काढणार, आणि एक आकडा बदलला की अख्खा मांडव त्याच्यासोबत बदलणार. त्याच्या मंदाकिनी मॅडमनी या प्रकाराचं नाव सांगितलं होतं, पॅरामेट्रिक. हे सगळं फ्लॉपीवर घालून वागळे इस्टेटला सहदेवशेठच्या कारखान्यात न्यायचं. सहदेवशेठ दुकानांच्या पाट्या बनवायचे, आणि अक्षरं कापायला त्यांनी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं होतं. ते मशीन फ्लॉपी वाचून प्लाय कापून देणार. सहदेवशेठची मुलगी माझ्या वर्गात होती आणि तिचे पाढे कच्चे होते, त्यामुळे ते मला नाही म्हणायच्या भानगडीत पडले नाहीत.

कॉम्प्युटर मात्र आमच्याकडे नव्हता. तो होता डोंबिवलीला, कोपर स्टेशनजवळ, दौलतच्या क्लासमध्ये. दौलत म्हणजे माझा होणारा नवरा. साखरपुड्यानंतर त्याला माझ्यापेक्षा माझा भाऊच जास्त भेटला.

‘आकडा बदलता येतो’ ही बातमी वाड्यात फुटली आणि जो तो आकडा बदलून मागायला लागला. आईला पंगत आत बसवायची होती, म्हणून तोंड रुंद झालं. बेंजोवाल्यांना डोक्यावर जागा हवी होती, म्हणून उंची वाढली. शेवटी मनुबाई आल्या. मनुबाई आमच्या वाड्यातल्या धवलारीण. लग्नात धवळे त्या गातात, विधी त्या सांगतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्याकडे अक्षता पडत नाहीत.

“लाकराचा कर नायतर कागदाचा कर, माला काय करायचा हाय?” त्या पंढरीला म्हणाल्या; आमच्या वाड्याच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. “उंबराची फांदी बांदायला जागा ठेव. आनी हलद लागायच्या आदी मांडव उबा पायजे. शनवारी चार वाजंपर्यंत नाय झाला तं मी कापराचा मांडव घालनारे बोलवीन. मंग तुजा कम्पुटर खारीत सोर.”

हे त्या गंमतीने बोलत नव्हत्या. मांडवाशिवाय हळद लागत नाही. आणि कापडाचा मांडव पडला असता तर पंढरीने काम केलंच नाही असं कॉलेजने धरलं असतं, कारण मंदाकिनी मॅडम शनिवारी संध्याकाळी हळदीलाच ते बघायला येणार होत्या. थोडक्यात, पोराचं अख्खं वर्ष माझ्या हळदीला बांधलेलं होतं.

या सगळ्यात एक माणूस काहीच मागत नव्हता, ते आमचे बाबा, गोमाजी नाखवा. खाडी, होडी आणि डोल यांच्यापलीकडे ते फारसं बोलत नसत. पंढरीने आर्किटेक्चरला नाव घातलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “घरा बांदनार का चितरा कारनार?” पंढरी म्हणाला, आधी चित्रं, मग घरं. त्यानंतर त्या विषयावर बाबांनी तोंड उघडलं नव्हतं. कापलेला प्लाय टेम्पोतून आला, पंढरीने तुकडे बोल्टने जोडून कमानी तयार केल्या आणि जाळ्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या, तेव्हा बाबा दारात आले. एका कमानीवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि निघून गेले. पंढरीचा चेहरा पडला. मी म्हटलं, जाऊ दे रे, शिव्या घातल्या नाहीत हेच खूप.

मग पंढरी नकाशे पुरे करायला मित्राकडे राहायला गेला, आणि मी बांगड्या, मेंदी आणि मावश्या यांच्यात सापडले. जाळ्यांच्या खोलीकडे बघायला कुणाला वेळ होता?

शुक्रवारी सकाळी पंढरी परत आला, खोलीचं दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. मी धावत गेले.

आतल्या सगळ्या कमानी निळ्या झाल्या होत्या. कडेने पिवळा पट्टा, त्याखाली लाल बारीक रेघ, हुबेहूब आमच्या होडीसारख्या. आधी फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेल्या आणि वरून जाड ऑइलपेंट. लाकडाची एक रेष दिसेल तर शपथ. कुठली कमान कितवी ते पंढरीने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, तेही रंगाखाली गेलं होतं.

बाबा आमच्या मागे येऊन उभे राहिले. “आरव्या पट्ट्या ऱ्हायल्या,” ते म्हणाले. “डबा संपला.”

“पण बाबा, कुणी सांगितलं रंगवायला?”

“सांगायचा काय? उघरा लाकूर मांडवात कसा ठेवायचा?”

आमच्यात उघडं लाकूड म्हणजे थंडीत उघडं ठेवलेलं पोर. नारळी पुनवेच्या आधी होडी ओढून काढतात, घासतात, लांबी भरतात, रंगवतात, तेव्हा कुठे ती पाण्यात जाते. पंढरी काम अर्धवट टाकून गेला असं बाबांना वाटलं आणि त्यांनी ते पुरं केलं. तरीही मी बोललेच. बाबांना बोलले, पंढरीला बोलले, रंगाच्या दुकानदारालाही इथूनच बोलले. लाकूड लाकडासारखंच दिसलं पाहिजे, हा मंदाकिनी मॅडमचा धडा पंढरीने इतक्यांदा ऐकवला होता की तो मला पाढ्यांसारखा पाठ होता.

पण पंढरीला त्याची काळजी नव्हती. त्याने एक आडवी पट्टी उचलली. या लांब पट्ट्या कमानींच्या पाठीवर बसून सगळ्यांना धरून ठेवणार होत्या. त्यांना फणीसारख्या खाचा होत्या, एकेका खाचेत एकेक कमान. त्याने खाच निळ्या कमानीवर टेकवून दाबली. गेली नाही. मी दाबून पाहिली. तरी नाही.

“प्लाय बारा मिलिमीटर,” तो म्हणाला. “म्हणून खाच बाराची. रंगाने कमान तेराची झालीये. एकही जोड बसणार नाही, ताई.”

नंबर पुसले गेले होते ते मला सोपं वाटलं. उंचीने रांग लावणं हे माझं रोजचं काम. मावश्यांना हाताशी घेतलं, सगळ्या कमानी पटांगणात काढल्या आणि प्रार्थनेला पोरं उभी करावी तशा भिंतीला लहान-मोठ्या लावून टाकल्या. पण खाचा रुंद करणं माझ्या शाळेत शिकवत नाहीत.

तेवढ्यात मनुबाई आल्या आणि त्यांनी एका नजरेत निकाल दिला. “येवराच ना? कोयते आना गो. पट्टी बसंल तितला रंग खवलावानी कारून टाकू.”

बायका तयारच होत्या. आमच्या वाड्यातल्या बायकांच्या हातात कोयता आणि खवलं काढायचं काम दिलं तर संध्याकाळपर्यंत मगरही सोलून देतील. पाच-सहाजणी कोयते घेऊन बसल्यासुद्धा. बाबा बाजूला ब्रश धूत होते. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूत होते.

“कारा,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “लाकूर तेचा हाय. तेला पायजे तसा करा.” आणि खाडीकडे चालायला लागले.

पंढरी त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने जवळच्या मावशीच्या हातातला कोयता काढून घेतला.

“रंग राहू दे,” तो म्हणाला. “आपण आकडा बदलू.”

“आरं, आज शुक्रवार हाय,” मनुबाई म्हणाल्या. “वागले इस्टेट बंद.”

“उद्या सकाळी उघडेल.”

“आनी चार वाजता मी माझी मानसा बोलवीन.”

“बोलवा,” पंढरी म्हणाला. तो मनुबाईंना उलट उत्तर देतोय हे बघून मला एकदम त्याचा अभिमान वाटला, आणि भीतीही. जुन्या पट्ट्या आता निकामी, नव्या कापून आल्या नाहीत तर हाती काहीच नाही. कोयत्यांनी निदान काहीतरी उभं राहिलं असतं.

त्याने कॅलिपर आणून माझ्या रांगेतली एकेक कमान मोजली आणि कपाळाला हात लावला. सगळ्या सारख्या जाड नव्हत्याच. तोंडाकडच्या मोठ्या कमानी तेराच्याही आत होत्या. शेपटाकडे जाऊ तशी जाडी वाढत होती, आणि शेपटाची सगळ्यात लहान कमान चौदाला टेकली होती.

“शेपटाकडून सुरुवात केली असणार,” पंढरी म्हणाला. “सुरुवातीला हात जड असतो. पुढे डबा संपत आला.”

मला ते पटलं. बाबांना विचारायला मात्र दोघांपैकी कुणी गेलं नाही.

आम्ही पीसीओवर जाऊन दौलतला फोन लावला. फोन त्याच्या आईने घेतला. सकाळीच त्याला चोरहळद लागली होती, आणि ती लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. क्लास दोन गल्ल्या सोडून. मी फोन हातात घेऊन माझ्या होणाऱ्या सासूबाईंना शाळेच्या आवाजात विनंती केली. थोड्या वेळाने दौलत डोक्यावर टॉवेल घेऊन, पायवाटेने, क्लासमध्ये पोचला आणि त्याने तिथून उलट फोन केला.

“कॉम्प्युटर चालू केलाय. जाडीचा आकडा बारा आहे, तो खोडू?”

“खोडू नको,” पंढरी म्हणाला. “प्लाय बाराचाच आहे. त्यात एक नवा आकडा मिळव. प्रत्येक कमानीला वेगळा. मी सांगतो तसे घाल.”

“या नव्या आकड्याला नाव काय देऊ? काहीतरी द्यावं लागेल.”

पंढरी नेहमीसारखा थांबला. तिकडे दौलतचं बिल चढत होतं, मी पंढरीला कोपराने ढोसलं.

“बाबा,” तो म्हणाला.

“काय?”

“बाबा लिही. प्लाय अधिक बाबा.”

दौलतने लिहिलं. त्याच्या कीबोर्डवरची एंटरची कळ पुढे कितीतरी दिवस पिवळी होती. क्लासमधली पोरं विचारायची आणि तो लाजायचा. पंढरी जाऊन फ्लॉपी घेऊन आला.

शनिवारी उजाडताच सहदेवशेठनी शटर वर केलं. इकडे पटांगणात कमानी आपापल्या जागी ठोकून उभ्या केल्या, पण पट्ट्यांशिवाय त्या दारू प्यायल्यासारख्या झुलत होत्या. दीड वाजून गेला तरी टेम्पो आला नव्हता. कापडाच्या मांडवाची माणसं आधीच येऊन भिंतीवर बसली होती, आणि मनुबाई माझ्या मनगटावरच्या घड्याळात दर थोड्या वेळाने बघून जात होत्या. मी इतकी चिडले होते की आईने मला दोनदा ताक पाजलं.

टेम्पो आला. पंढरीने पहिली पट्टी तोंडाकडच्या कमानीवर ठेवली आणि तळहाताने हलकेच थोपटली. खाच अलगद बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. मग सगळा वाडाच चढला. पट्टी बसेल तशी कमान झुलायची थांबायची, आणि तोंडाकडून शेपटाकडे मांडव ताठ होत गेला. भिंतीवर बसलेली कापडवाली माणसंही शेवटी खाली उतरून पट्ट्या धरायला आली, कारण नुसतं बघत बसणं त्यांना जमेना.

शेपटाची कमान राहिली तेव्हा बाबा आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, पंढरीने वरून पट्टी थोपटली आणि ती बसली. बाबांनी जोडावर अंगठा फिरवला. रंगाला कुठे खरचटलं नव्हतं. मनुबाईंनी घड्याळ न बघताच उंबराची फांदी मागवली.

संध्याकाळी मी त्या कमानीखाली पाटावर बसले. डोक्यावर निळं, पिवळं, लाल, मध्ये बल्ब, आणि मनुबाईंचा आवाज मांडवाच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होता. मंदाकिनी मॅडम आल्या तेव्हा माझ्या गालांना हळद लागत होती, त्यामुळे मला उठून नमस्कारही करता येईना. त्या मांडव भरून हिंडल्या. मग म्हणाल्या, “पंढरी, कमानींचं लाकूड कुठे आहे?”

“आत आहे मॅडम.”

त्यांनी प्रोग्रॅमचा कागद मागितला, चष्मा लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “प्लाय समजलं. हे ‘बाबा’ काय आहे?”

“रंगाची जाडी, मॅडम. वडिलांनी दिलेला रंग. मी प्लाय धरला होता, रंग धरायला विसरलो होतो. मग तोही आकड्यांत घेतला.”

बाबा दोन हात अंतरावर उभे होते. आपलं नाव कागदावर आहे हे कळल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“पण हा आकडा शेपटाकडे वाढत का जातो?” मॅडमनी विचारलं. पंढरी सुरुवातीच्या जड हाताबद्दल सांगायला लागला, पण मॅडम बाबांकडेच वळल्या. “सुरुवातीला तुमचा हात जड होता का हो?”

“जर कशाला?” बाबा म्हणाले. “चालीस वर्सा होरी रंगवतंय. तोंडाकरच्याला दोन हात दिलं. मदल्यांना तीन. हिला चार दिलं.”

“हिलाच चार का?”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. हा काय प्रश्न झाला, अशा सुरात ते म्हणाले, “हिच्या खाली रतन बसनार ना.”

मॅडमनी कागदाची घडी केली आणि पंढरीला म्हणाल्या, “ही ओळ काढू नकोस.” पंढरीचं वर्ष वाचलं हे आम्हाला त्यावरूनच कळलं. मी मान वर करून त्या निळ्या कमानीकडे बघत राहिले आणि डोळे घळाघळा वाहायला लागले.

“रडतंस कनाला?” मनुबाई धवळा थांबवून माझ्यावर खेकसल्या. “हलद ववलते सगली.” मग त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि माझ्या दोन्ही गालांना हळदीचा आणखी एक हात दिला.